पावणी स्पेनची, मटण दापोलीचं

ऑक्टोबर सरत आला तसा मस्कतचा उन्हाळा एकदाचा वाकला. आदल्या आठवड्यापर्यंत पहाटेची हवासुद्धा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसायची. शुक्रवारी सकाळी मात्र लवू धुरी अझैब्याच्या हॉटेलमागे स्टाफच्या व्हॅनमधून उतरला, तेव्हा समुद्राकडून सुकी, हलकी झुळूक येत होती. एरवी धुरकटलेले डोंगर कुणी पुसून ठेवल्यासारखे दिसत होते. लवूने शर्टाचं वरचं बटण लावलं. इथे बटण लावावंसं वाटलं की थंडी आली असं समजायचं.

सकाळचं पहिलं काम कोठीचं. हॉटेलला दारूचा परवाना होता, आणि वाइनच्या बाटल्यांची ती थंडगार कोठी लवूच्या ताब्यात होती. आत जाऊन त्याने तापमानाच्या काट्यावर नजर टाकली, एसीच्या खाली ठेवलेली परात रिकामी केली, आडव्या बाटल्यांवरची धूळ झटकली. मग दुपारी लागणाऱ्या लाल वाइनच्या बाटल्या काढून फ्रिजमध्ये ठेवल्या. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं बाटलीवाले सांगतात. ती खोली कुठल्या देशातली ते सांगत नाहीत. मस्कतच्या खोलीत ठेवलेली वाइन घशाखाली काढ्यासारखी उतरते, म्हणून लवू सगळ्याच लालना आधी थोडा गारवा खायला लावायचा.

लवू आचऱ्याकडचा. मस्कतला आला तेव्हा रुवीच्या एका हॉटेलात ग्लास धुवायचा. तिथल्या म्हाताऱ्या गोवेकर वेटर-कॅप्टनने त्याला वाइनची चव घ्यायला शिकवलं. लवू पुस्तकातलं पाठ करायचा, ब्लॅकबेरी, चेरी, सीडार. कॅप्टनने एकदा विचारलं, "तुवें ब्लॅकबेरी खाल्ल्या केन्ना?" लवूने नकारार्थी मान हलवली. "मग तुज्या झाडावयलें सांग मरे." तेव्हापासून लवूच्या तोंडी करवंद आलं, जांभूळ आलं, उन्हात टाकलेली आमसुलं, भिजलेल्या होडीचं लाकूड, चुलीवर करपलेलं खोबरं आलं. गिऱ्हाइकाला तो इंग्रजी नावं सांगायचा, पण डोक्यात सगळी वाडी उभी असायची.

त्या डोक्यातलं सगळं ऐकणारा माणूस एकच, हुसैनमियाँ. मियाँ दापोलीच्या खाडीकाठचे, हॉटेलच्या किचनमध्ये मटणाच्या बाजूला. दोघं माबेल्याला राहायचे आणि मियाँच्या गाडीतून रोज जा-ये करायचे. मियाँनी जन्मात दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता, पदार्थातही कधी घातला नाही, आणि शेफनेही त्यांना कधी घालायला लावला नाही. बाटलीचं नावसुद्धा ते घेत नसत. गाडी हमरस्त्याला लागली की विचारायचे, "आज कोन पावनी आली? कसल्या तोंडाची हाय?"

मग लवू सांगायचा. मियाँ स्टिअरिंगवर बोटं वाजवत ऐकायचे, मध्येच विचारायचे, "आंबट म्हंजे चिंचेचा आंबट की कैरीचा?" दुसऱ्या दिवशी त्या पाहुणीला रुचेल असं काहीतरी रांधून लवूपुढे सरकवायचे. एकाने चाखायचं, दुसऱ्याने रांधायचं. चाखणाऱ्याला साधी आमटी धड जमत नव्हती आणि रांधणाऱ्याला चाखायची नव्हती, तरी जोडी जमली होती. मियाँनी सुचवलेलं शेफ आपल्या पद्धतीने फिरवून घ्यायचा आणि मेनूकार्डावर शेफचं नाव लागायचं. मियाँची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण आता रमजानच्या आधी ते कायमचे गावी जाणार होते, आणि जाण्यापूर्वी एक तरी पदार्थ आपल्या हातचा, आपल्या घरचा, कार्डावर बघावा असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. कुणापाशी बोलले नव्हते. लवूपाशी बोलले होते.

संधी चालून आली ती स्पेनच्या बाटलीमुळे. गार्नाचा, टेम्प्रानिल्यो आणि मोनास्त्रेल अशा तीन द्राक्षांचा मेळ घालून केलेली लाल वाइन. हिवाळ्याच्या कार्डावर ती घ्यायची आणि तिच्या शेजारी तिला शोभेलसं एक जेवण लिहायचं, असं पूर्वा मॅडमनी ठरवलं होतं. पूर्वा पुण्याची, हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेली, लवूपेक्षा बरीच लहान आणि कामाला चोख. तिने मियाँना बोलावून सांगितलं, "ह्या वेळी तुमचं काहीतरी द्या. शनिवारी दुपारी वीसेक जणांना खायला घालू. जमलं तर कार्डावर. नाही जमलं तर शेफचे चॉप्स आहेतच." आणि ती चार दिवस सुट्टीवर गेली.

सोमवारी लवूने बाटली उघडली, चाखली आणि संध्याकाळी गाडीत सांगितलं, "मऊ आसा मियाँ. पिकान काळ्या पडलेल्या जांभळासारी. तुरटपणा नावाक नाय. हिका मिरशी चलात, आंबट चलात, काय्येक चलात."

मियाँ खुलले. त्यांच्या आईचं सोलं घातलेलं तिखट मटण होतं, लाल मिरची वाटून, कोकमाच्या आगळात मुरवलेलं. मनात तेच होतं. गुरुवारी त्यांनी बकऱ्याच्या खांद्यांना मसाला चोळून ठेवला आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी घरी गेले.

आणि आता शुक्रवारी सकाळी सुट्टीवरून परतलेली पूर्वा कोठीच्या दारात उभी राहून म्हणत होती, "लवूदादा, उद्याची एकदा चाखून घेऊ या का? मी अजून घेतलीच नाहीये."

लवूने बाटली उघडली. तिने घोट घेतला, तोंडात फिरवला, थुंकला. मग ग्लासकडे बघत राहिली.

"तुम्ही लिहिलंय सॉफ्ट. ही सॉफ्ट आहे?"

लवूने घोट घेतला आणि त्याच्या दोन्ही गालफडांना कुणी आतून चिमटा काढला. जीभ कोरडी पडली, हिरड्या आवळल्या. जांभूळ होतं, काळं, गोडसर, पण त्याच्यामागे सालीचा राठपणा होता, आणि घशाशी ऊब होती, चांगली जळजळीत. बाटली बदलली असेल म्हणून त्याने बाटलीवरची चिठ्ठी बघितली. तीच होती. दुसरी उघडली. तीही तशीच.

"सोमवारी अशी नव्हती," तो म्हणाला आणि म्हणता म्हणता थांबला. सोमवारी सकाळी तो काय खाऊन आला होता?

गावाहून परतलेल्या एकाने त्याच्यासाठी ओली तिरफळं आणली होती. रविवारी खोलीवर बांगड्याचं कालवण झालं, मूठभर तिरफळं ठेचून. सोमवारी तेच मुरलेलं कालवण त्याने पावाशी खाल्लं, वर वाटी तोंडाला लावली, आणि जिभेला मुंग्या आलेल्या तशाच घेऊन कामाला आला. त्या बधिर जिभेने वाइन चाखली. तिला तुरटपणा कुठला कळणार?

त्याने सगळं सांगितलं. पूर्वा आधी हसली. "म्हणजे ॲनेस्थेशिया घेऊन टेस्टिंग केलंत." मग तिचं हसू उतरलं. "पण दादा, मियाँचं मटण तिखटजाळ आहे ना? तिखटावर ही घशात पेटेल. आणि सोलांच्या आंबटापुढे हिचं सगळं फळ मरून जाईल. नुसता कडवटपणा उरेल."

"व्हय," लवू म्हणाला.

"येत्या सोमवारच्या ग्रिलसाठी आणलेले खांदे आहेत, ते घ्या हवे तर. मसाल्याचं मटण उद्या स्टाफला जेवायला होईल. पण काय करायचं ते मियाँनी ठरवायला हवं. आणि मी उगाच गोड बोलणार नाही, नाही बसलं तर चॉप्स." ती दारातून वळली. "त्यांना मी सांगू की तुम्ही?"

"मीच सांगतंय."

शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर लवू मियाँकडे जेवायचा, हा ठरलेला शिरस्ता होता. माबेल्यापर्यंतच्या शेअर टॅक्सीत त्याने वाक्य जुळवून बघितलं. एकही सरळ बसेना.

दार शहनाजभाभीने उघडलं. घरभर अकनी पुलावाचा वास सुटला होता. मियाँ धुतलेल्या कपड्यांत, चेहऱ्यावर सणाची कळा घेऊन बसले होते. गावी मुलीला, उजमाला, फोन करून झाला होता. "तिना सांगितलां, बापाचा मटन कार्डावर येतंय. बोलली, फोटो धाड."

"इन्शाल्ला तरी बोला आधी," भाभी आतून म्हणाल्या.

"बोललाव ना. दोन टायम बोललाव."

लवूने पहिला घास घेतला. त्याने हात ताटातच ठेवला.

"मियाँ, मी तुमका चुकीचा सांगितलंय."

"काय चुकीचा?"

"पावणी मऊ नाय. लय तुरट आसा. आणि कडक. सोमवारी मी तिरफळाचा कालवण खावन इल्लंय. जिभेक काय कळलाच नाय. आज मॅडमबरोबर परत चाखलंय, तेवा समाजला. तिखट आणि सोला तिच्यापुढे टिकाचा नाय."

मियाँनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, परत ठेवला. बाहेर रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.

"मी मटनाला कालच मसाला लावलाव."

"म्हायत आसा. मॅडम म्हणता, ग्रिलसाठी आणलेले खांदे घेवा."

"तू बोललास मिरची चालंल."

"बोललंय."

"लवू," मियाँ म्हणाले, आवाज न चढवता, "मी तुज्या तोंडानं चाखताव. मना दुसरा तोंड नाय."

लवूला वाटलं, यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. तो ताटाकडे बघत राहिला. अकनीतला तमालपत्राचा तुकडा त्याने कडेला केला, मग परत जागेवर आणला.

भाभी पापडांची ताटली घेऊन आल्या आणि दोघांच्या मधोमध ठेवून बसल्या. "ओली तिरफळा आली आनि आमच्या घरात एक दाना नाय. ह्याला मी मोठा गुन्हा धरताव."

"शहनाज, गप बस."

"कशाला गप? मिरची चालत नाय, सोला चालत नाय, तर काय चालतंय ता बोला ना. लवूभाय, ती खरी कशी हाय? मना सांगा. बाईमानसाला कळंल असा सांगा."

लवूने डोळे मिटले. सकाळचा घोट परत तोंडात आणला. "भाभी, बोंडू खातास ना, काजीचो? पिकलेलो, लाल. पयली गोड लागता, रस गळता. आणि मगे घसो धरता. जीभ खरबरीत होता. तशी आसा."

"मग मीठ लावा," भाभी म्हणाल्या.

दोघांनी वर बघितलं.

"आमी पोरी बोंडां कापून मीठ लावून ठेवायचो. घटकाभरानं घसा धरायचा बंद. लहानपनी कोन बोंडां तशीच खायचा? शेजारची आकांक्षा खायची, ती दिवसभर खोकायची."

मियाँचा हात ताटातून निघाला. त्यांनी बोटं हवेत एकमेकांवर घासली, चिमूट सोडल्यासारखी. "मीठ," ते पुटपुटले. "आनि चरबी. तुरट तोंडाला चरबी बरी वाटंल. काय रं, मॅडमच्या त्या खांद्यांवर चरबी हाय काय?"

"आसा. चांगली जाड."

"मिरची नको. काळी मिरी. लसून. कांदा लाल करून. खोबरा भाजलेला चालंल?"

"करपाच्या जरा अलीकडे," लवू म्हणाला. "तसलो वास तिच्यात आसाच."

"आनि आंबट?"

"अजिबात नको."

मियाँ उठले आणि हात धुऊन आले. सुट्टीचा दिवस, अंगावर इस्त्रीचे कपडे, तरी किल्ली उचलली. "यल्ला, चल. मीठ आज नाय लागला तर उद्या हाडापर्यंत जायाचा नाय."

"जेवान तरी पुरा करा," भाभी म्हणाल्या.

"डब्यात भर."

 गाडीत मियाँनी 'पावनी कशी हाय' असं विचारलं नाही. लवू खिडकीतून सीबची दुकानं मागे जाताना बघत होता. विमानतळ ओलांडल्यावर मियाँ एवढंच म्हणाले, "मॅडमनी पकडला म्हून बरा. तुना एकट्याला कळला असता तर तू बोलला असतास?"

लवूने विचार केला. "असतंय बहुतेक."

"बहुतेक," मियाँ म्हणाले आणि हॉर्न वाजवला. समोर कुणीही नव्हतं.

किचनमध्ये त्यांनी खांदे बाहेर काढले, जाड मीठ हातांनी सांध्यासांध्यात चोळलं, मिरी भरडून लावली आणि झाकून ठेवलं. मसाल्याच्या मटणाचा टोप त्यांनी फ्रिजमध्ये स्टाफच्या फळीवर सरकवला. सरकवताना क्षणभर झाकणावर हात ठेवला. ते आईचं मटण होतं. लवूने दुसरीकडे बघितलं.

शनिवारी पहाटेच मटण मंद आचेवर चढलं. अकराच्या सुमारास मियाँनी हाडावरून आपसूक सुटणारा एक तुकडा ताटलीत काढला, वर चरबीचा पारदर्शक पदर, खाली भाजल्या खोबऱ्याचा दाट रस, बाजूला तांदळाची वाफाळलेली दोन खारी सांदणं. ताटली लवूपुढे ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"काय खाल्लास सकाळपासून?"

"कोरी चाय. साखर पण नाय."

लवूने आधी घोट घेतला. घसा धरला. मग मटणाचा घास, सांदणाचा तुकडा. मग पुन्हा घोट. या वेळी त्याने थुंकायला जरा वेळ लावला.

"बोल ना," मियाँ म्हणाले.

"पयल्या घोटाक ती दारात उभी होती, पदर खोचून, भांडाक इल्यासारी. मटाण खाल्लंय आणि परत घेतलंय, तर आत येवन बसली. तुरटपणा खंय गेलो कळाक नाय. जांभूळ पुढे इला. खोबऱ्याक तर तिना वळखलाच. आणि मियाँ, मीठ आसा म्हणान ती गोड लागता. काल गोड नव्हती."

मियाँनी ते पूर्ण ऐकलं. एकेक शब्द त्यांनी जणू जिभेवर ठेवून बघितला. मग चमच्याने नुसता रस घेतला आणि मान हलवली.

"सांदनां? ती काय बोलली सांदनांना?"

"सांदणांका ती काय बोलाक नाय. पण रस पुसून घेवक बरी."

"तेवडाच तेंचा काम."

दुपारी वीसेक पाहुणे जमले. आधी ऑलिव्ह, भाजलेल्या लाल मिरच्या, मेंढीच्या दुधाचं कडक चीज आलं, आणि त्या चीजवर पाहुणीने पहिल्यापासून जीव टाकला. मत्रहच्या जुन्या व्यापारी घराण्यातले एक गुजराती शेठ मटण खात नसत. त्यांच्यासाठी मियाँनी वांगी निखाऱ्यावर भाजून, मीठ-तीळ-लसूण घालून भरीत धाडलं. शेठनी दुसरा ग्लास मागितला आणि भरीतही. एका टेबलावर चिली सॉस मागितला गेला. लवूने तो नेऊन दिला आणि थोड्या वेळाने त्या गृहस्थांनी घाईने पाणी मागितलं, तेही नेऊन दिलं. मटणाच्या ताटल्या परत आल्या त्या हाडांसकट साफ. सांदणं मात्र चार-पाच ताटल्यांत अर्धी राहिली होती.

पूर्वा पॅन्ट्रीत उभ्या उभ्या जेवली. तिने घोट घेतला, घास घेतला, पुन्हा घोट घेतला आणि ताटलीतला रस बोटाने पुसला. मग मियाँना बाहेर बोलावलं.

"कार्डावर घेते," ती म्हणाली. "भरीत पण घेते, शाकाहारींना तेच देऊ. फक्त सांदणं नको. लोकांना कळत नाहीयेत. ब्रेड देऊ."

मियाँनी हात पुसले. लवू ट्रे घेऊन चालला होता, तो थबकला.

"मॅडम, सांदनां नसतील तर मटन पन नको."

"मियाँ, अर्धी परत आलीत."

"अर्धी गेली ना. माज्या घरी मटनाला पाव लावत नाय. आईचा मटन मी कालच टोपात ठेवलाव, तुमच्या बाटलीसाठी. आता सांदनां पन काढलीत तर राहिला काय? मंग शेफचेच चॉप्स घ्या. मी रुसायचा नाय."

पूर्वाने लवूकडे बघितलं. लवूने ट्रेकडे बघितलं.

"लहान करा मग," ती शेवटी म्हणाली. "एका घासाची. दोन देऊ. आणि वर नाव काय लिहू? शेफला विचारलंय मी, तो म्हणाला मियाँना विचार."

मियाँनी फडक्याची घडी घातली. लवूला वाटलं, ते स्वतःचं नाव सांगतील. उजमाला फोटो धाडायचा होता.

"दापोलीचा मटन लिवा," ते म्हणाले. "सांदनांसंगट."

"हुसैनमियाँ नको?"

"नको. मी जानार. दापोली काय जात नाय." आणि ते आत वळले, कारण स्टाफचं जेवण लागलं होतं आणि तिखट मटणावर मुलं तुटून पडल्याचा आवाज आतून येत होता. दारातूनच ते ओरडले, "रस सगला संपवू नका रं, लवूला ठेवा."

"मी खातलंय," लवू म्हणाला. "पण आता काय चाखूक नाय मा, मॅडम?"

"काही नाही. उद्यापर्यंत जीभ तुमची."

डायनिंग हॉल रिकामा झाला होता. खिडकीकडचं चार नंबरचं टेबल सकाळपासून डुगडुगत होतं आणि शेठनी दोनदा तसं सांगितलंही होतं. जेवायला जाण्याआधी लवूने टेबलावरचे ग्लास बाजूच्या ट्रेवर उचलून ठेवले, चादर काढून खुर्चीवर टाकली, खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्याची चौकोनी घडी केली आणि गुडघ्यावर बसून कुठला पाय आखूड आहे ते एकेक पाय दाबून बघू लागला.